पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटीवर जप्ती येते का? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात मी वसुलीच्या दरखास्ती, म्हणजे कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी मागणारी प्रकरणं चालवतो, बहुतेक वेळा कर्जदाराच्या नाहीतर जामीनदाराच्या बाजूने. एकदा एक नवराबायको आले. नवरा सूतगिरणीतून नुकताच निवृत्त झालेला. चादर विकत घेतली की मिळते तसल्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत सगळे कागद घडी करून ठेवलेले होते. दोस्ताच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. वसुलीवाला घरी येऊन म्हणाला, "पैसे भरा, नाहीतर पीएफवर टाच येईल." त्या भीतीने त्यांनी पीएफ काढला आणि पैसे खात्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी तीन लाख चाळीस हजार पतसंस्थेत भरून टाकले. माझ्याकडे आले ते उरलेल्या एक लाखाला मुदत मिळते का हे विचारायला. पासबुकात दोन ओळी होत्या, एक जमेची आणि एक नावेची. त्या बाई त्या नावेच्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. तो पैसा पीएफ खात्यात होता तोवर पतसंस्थेलाच काय, कोर्टालाही त्याला हात लावता आला नसता. हे त्यांना सांगणं मला फार जड गेलं.

त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं लिहून ठेवायला लागलो. यंत्रमाग, विडी, साखर कारखाना, एसटी, महापालिका, शाळा, कुठेही नोकरी केलेली असो, प्रश्न साधारण हेच असतात.

माझ्यावर कर्जाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे भरायचा कोर्टाचा निकाल झालाय. पीएफ जप्त होईल का?

नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चं कलम १० यासाठीच आहे. तुमच्या नावे फंडात जी रक्कम आहे ती कुणाकडे वर्ग करता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि तुमच्या कुठल्याही देण्यापोटी कोर्टाच्या हुकमाने जप्त होत नाही. दिवाळखोरीत मालमत्ता ताब्यात घ्यायला नेमलेल्या रिसीव्हरलाही त्यावर हक्क सांगता येत नाही. ते तर कलमात शब्दाने लिहिलंय.

तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, व्याज, सगळं यात आलं. बारा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तुम्ही स्वखुशीने कापून घेत असाल तर तीही खात्यातच असते, म्हणून तिलाही हेच लागू. पीएफबरोबर मिळणारी पेन्शन आणि विम्याची रक्कमही याच कलमाखाली येते.

सरकारी नोकरांच्या जीपीएफला भविष्य निर्वाह निधी कायदा १९२५ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० यांचं संरक्षण आहे.

पेन्शन?

कलम ६० मध्ये जप्त होण्याजोग्या मालमत्तेची सुरुवात आहे आणि खाली जप्त न होणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी. त्या यादीत पेन्शन आहे. सरकार, स्थानिक संस्था आणि 'इतर कोणताही मालक' असे शब्द आहेत, म्हणजे खासगी कंपनीची पेन्शनही आली. सरकारी पेन्शनला याशिवाय पेन्शन कायदा १८७१ आहे. त्याचं कलम ११ जप्तीला मनाई करतं आणि कलम १२ पेन्शन आगाऊ दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा करार रद्दबातल ठरवतं.

काही जण म्हणतात, पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, सरकार देईल तर देईल. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नाकरा प्रकरणात सांगितलं की पेन्शन ही केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, दान नव्हे. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन असतो.

ग्रॅच्युइटी?

ग्रॅच्युइटी कायदा १९७२ च्या कलम १३ मध्ये हे लिहिलेलं होतं; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतलीय. दिवाणी, महसुली किंवा फौजदारी, कुठल्याही न्यायालयाच्या हुकमाने ती जप्त होत नाही. मालकालाही ती मनाला येईल तशी रोखता येत नाही. कामगाराने कारखान्याचं नुकसान केलं, हिंसक वर्तन केलं किंवा नैतिक अध:पतनाचा गुन्हा केला आणि त्यासाठी त्याला कामावरून काढलं, तरच ती अंशत: किंवा पूर्ण अडकवता येते. 'पतसंस्थेचं पत्र आलंय, बाकी आधी भरा, मग ग्रॅच्युइटी देतो' हे त्या कारणांत बसत नाही. सोलापुरात हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

पीपीएफ आणि एलआयसी?

दोन्ही कलम ६० च्या यादीत आहेत. पीपीएफच्या २०१९ च्या योजनेतही खातेदाराच्या देण्यापोटी खातं जप्त होणार नाही असं लिहिलंय. विम्याचं मात्र बघा: पॉलिसी बँकेकडे तारण म्हणून लिहून दिली असेल तर तेवढ्यापुरता बँकेचा हक्क पहिला.

साधी एफडी, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, म्युच्युअल फंड, शेअर, भिशीचे पैसे यांना असं कुठलंही कवच नाही. म्हातारपणासाठी म्हणून बाजूला ठेवले असले तरी नाही. कायदा तुमचा हेतू बघत नाही, खातं कुठलं आहे ते बघतो.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढून बँकेत ठेवली. आता?

ज्यांना आयुष्यभराचा पैसा एकदम हातात येतो ते सगळे इथेच चुकतात. सावकाश वाचा.

पेन्शन आणि ग्रॅच्युइटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या प्रकरणात प्रश्न हाच होता: निवृत्तीचे पैसे मिळाले, त्यांची एफडी केली, आता ती एफडी जप्त करता येईल का? न्यायालयाने सांगितलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची एफडी केली म्हणून त्या पैशाचं मूळ रूप बदलत नाही, तो कलम ६० च्या संरक्षणातच राहतो.

पीएफचं तसं नाही. १९५२ च्या कायद्यातले शब्द 'फंडात सदस्याच्या नावे जमा असलेली रक्कम' असे आहेत. सरकारी पीएफबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या ज्योती चिट फंड प्रकरणात पैसा कर्मचाऱ्याच्या हातात पडेपर्यंतच्या संरक्षणाची भाषा वापरली होती. म्हणजे पीएफ काढला, बचत खात्यात आला, त्यात भाड्याचे, मुलाने पाठवलेले, गाय विकून आलेले पैसे मिसळले, की तो साध्या शिलकीसारखा दिसायला लागतो. मग बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस, बँकेत हुकूम घेऊन गेल्यावर 'यातले कुठले पैसे कुठून आले' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

यावर माझा सल्ला असा. डोक्यावर वसुली असेल आणि घरात आजारपण किंवा लग्न असं निकडीचं कारण नसेल, तर पीएफ काढायची घाई करू नका. काढावाच लागला तर नवीन कोरं बचत खातं उघडा, त्यात हा पैसा सोडून दुसरा एकही रुपया टाकू नका. ग्रॅच्युइटीचंही तसंच. एफडी केलीत तर पावतीवर आणि अर्जावर पैसा कुठल्या खात्यातून आला ते दिसू द्या. ग्रॅच्युइटी मंजुरीचं पत्र आणि त्या तारखेचं पासबुकाचं पान एकत्र टाचून ठेवा. रक्कम आणि तारीख जुळली की न्यायाधीशांना समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. जुळत नसेल तर दोन वर्षं जातात.

बँकेने माझं पेन्शनचं खातंच गोठवलं. आता काय करू?

बँकेत जाऊन भांडू नका. बँक कोर्टाचा हुकूम पाळतेय, आणि हुकूम देताना कोर्टाला बहुतेक वेळा माहीतच नसतं की हे पेन्शनचं खातं आहे. डिक्रीदाराने, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झालाय त्याने, खाते क्रमांक दिला, कोर्टाने मनाई काढली, एवढंच झालेलं असतं.

हुकमाची प्रत मागा. त्यावर दरखास्त क्रमांक असतो. त्याच दरखास्तीत, त्याच कोर्टात, हरकतीचा अर्ज द्यायचा. कलम ४७ आणि कलम ६० चा उल्लेख करायचा. सोबत पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, गेल्या वर्षभराचा खातेउतारा आणि खात्यात पेन्शनखेरीज काही येत नाही असं प्रतिज्ञापत्र. उताऱ्यात दर महिन्याच्या पेन्शनच्या नोंदीला पिवळ्या शाईने खूण करा. हे क्षुल्लक वाटेल, पण उतारा चार पानांचा असतो आणि न्यायाधीशांच्या पुढ्यात त्या दिवशी साठ प्रकरणं असतात. औषधपाण्याची निकड असेल तर अंतिम निकाल होईपर्यंत महिन्याची पेन्शन तरी मोकळी करावी, अशी अंतरिम मागणी त्याच अर्जात घाला.

ही हरकत नोटीस आल्या आल्या घेतलेली बरी. वर्षभर गप्प बसून मग अर्ज दिला की पहिला प्रश्न येतो, इतके दिवस कुठे होता?

कर्ज आणि पेन्शन एकाच बँकेत आहे. बँक स्वत:च हप्ता कापते.

तुम्ही पेन्शनवर कर्ज घेतलं असेल आणि खात्यातून हप्ता कापायला सही दिली असेल, तर ती कपात म्हणजे कोर्टाची जप्ती नव्हे, तुम्हीच मान्य केलेली परतफेड आहे. तिला कलम ६० लावून चालत नाही.

पण मुलाच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहिलात आणि बँकेने कुठलाही हुकूम नसताना तुमची अख्खी पेन्शन उचलली, तर ती निमूटपणे सोसू नका. लेखी हरकत द्या, पोच घ्या, उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, तिला फी लागत नाही. ईपीएस, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी पेन्शन, १ जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते, त्यामुळे ती एका ठरावीक शाखेत अडकून पडलेली नाही.

इथे थोडं थांबून सांगतो. ईपीएसची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन-अडीच हजार येतात. एवढ्या पैशातून हप्ता कापला तर महिन्याच्या ज्वारीला आणि गोळ्यांना काय उरणार? वसुली करणाऱ्यानेही हा हिशोब एकदा मांडून बघावा, असं मी प्रत्येक तडजोडीच्या बैठकीत सांगत आलोय.

मी फक्त जामीनदार आहे. माझा पगार किती कापता येईल?

'फक्त' हा शब्द कायद्यात नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक आधी कर्जदाराकडे जायला बांधील नाही. अशोक चौकात, साखर पेठेत, जुन्या विडी घरकुलात शेजारधर्म म्हणून सही करणारे हजारो लोक आहेत. त्यांनी हे सही करण्याआधी वाचायला हवं होतं.

पगाराचं गणित असं आहे: पहिले १,००० रुपये मोकळे, उरलेल्यातले दोन तृतीयांश मोकळे. समजा पगार २५,००० आहे. हजार बाजूला काढले, राहिले २४,०००. त्यातले १६,००० मोकळे. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ८,००० कापता येतात. तेही एकूण २४ महिने. एकाच हुकूमनाम्यासाठी २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरता तुमचा पगार कायमचा सुटला. आस्थापना विभागातल्या क्लार्कला हे बहुधा माहीत नसतं, आणि कपात तिसऱ्या-चौथ्या वर्षीही चालू राहते. महिने स्वत: मोजा.

अंगमेहनत करणाऱ्या मजुराची मजुरी मात्र पूर्णच जप्तीबाहेर आहे.

पतसंस्थेने १०१ चा दाखला आणलाय. त्यांना पीएफ मिळतो, असं ते म्हणतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालचा वसुली दाखला जोरदार हत्यार आहे. कोर्टात दावा न लावता वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. पण पीएफची रक्कम कुणाकडे वर्ग होत नाही आणि तिच्यावर बोजा चढत नाही, हे पीएफ कायद्याच्या कलम १० चं म्हणणं दाखल्यापुढेही उभंच राहतं. पीएफ कार्यालय पतसंस्थेच्या पत्रावर पैसे देत नाही.

पतसंस्था दुसरं एक कलम वापरतात, ४९. त्याखाली सभासद करार करून मालकाला कपातीचा अधिकार देतो. तो करार पगार आणि मजुरीतून कपातीचा असतो. निवृत्तीच्या दिवशी त्याच कराराच्या जोरावर ग्रॅच्युइटीचा चेक अडवत असतील तर वर सांगितलेलं ग्रॅच्युइटीचं संरक्षण दाखवा.

मी 'पीएफ, ग्रॅच्युइटीतून वसूल करावे, माझी हरकत नाही' अशी सही करून दिलीय.

कलम ६० च्या पोटकलम (१अ) मध्ये लिहिलंय: संरक्षण सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. कर्जाच्या अर्जासोबत असे छापील कागद सर्रास घेतले जातात. सही केली म्हणून हातपाय गाळू नका.

सावकाराने पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड ठेवून घेतलंय.

हा प्रश्न विचारताना बायकांचा आवाज खाली जातो. एक अक्का सांगत होत्या, दर महिन्याला सावकाराचा माणूस त्यांना गाडीवर बसवून एटीएमवर नेतो, पैसे काढतो, पाचशे हातावर टेकवतो. कार्डाचा नंबर त्याला पाठ, अक्कांना नाही.

अक्का, कार्ड तुमचं आहे. आजच बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा आणि नवं मागा. त्यासाठी सावकाराची परवानगी लागत नाही. पेन्शन दुसऱ्याला लावून देण्याच्या व्यवहाराला कायदेशीर आधार नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. किती घेतले, कधी घेतले, किती दिले, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. चुकत-माकत लिहिलं तरी चालेल.

कर्ज फेडलं नाही तर तुरुंगात टाकतील का?

पैसे नाहीत एवढ्या कारणावरून नाही. दिवाणी कैदेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ खाली दाखवावं लागतं की ऐपत असूनही माणूस बुद्ध्या देत नाही. आणि ती ऐपत मोजताना जप्त न होणारी मालमत्ता हिशोबात धरायची नाही, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. 'याच्या पीएफमध्ये सहा लाख आहेत, तरी देत नाही' हा युक्तिवाद तिथेच संपतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटकच करता येत नाही, कलम ५६.

चेक न वटल्याचं प्रकरण वेगळं. ते फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कोरे चेक सही करून देऊ नका. दिले असतील तर किती आणि कुठल्या नंबरचे ते लिहून ठेवा.

दिवाळखोरी जाहीर केली तर पेन्शनचे पैसे जातात का?

नाही. पण दिवाळखोरी म्हणजे कुठला कायदा, ते आधी पाहू.

सोलापूरच्या बहुतेक चादर-टॉवेलवाल्यांचा धंदा मालकीचा किंवा भागीदारीचा असतो. अशा माणसांसाठी आजही प्रांतिक नादारी कायदा १९२० चालतो, कोर्टातले जुने लोक याला नादारीचा अर्ज म्हणतात. मुंबईला १९०९ चा वेगळा कायदा आहे. सोलापुरात अर्ज जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात होतो. कर्ज ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा बदललेलाच नाही.

या कायद्याचं कलम २८(५) सांगतं की दिवाणी प्रक्रिया संहितेने किंवा इतर कायद्याने जी मालमत्ता जप्तीबाहेर ठेवली आहे ती नादाराच्या मालमत्तेत धरायचीच नाही. म्हणजे वर सांगितलेली अख्खी यादी, पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी, पीपीएफ, विमा, रिसीव्हरच्या हाताबाहेर. अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत मात्र ती लिहायची. लपवायची नाही. 'जप्तीस अपात्र' असं पुढे नमूद करायचं. लपवलेलं उघडकीला आलं तर मुक्ततेचा हुकूम मिळायला अडचण येते, आणि लपवायची गरजही नसते.

नवा कायदा म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६. तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू केलाय. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असलेले आणि बँकेला हमी लिहून दिलेले संचालक यात येतात, त्यांचं प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जातं. तिथेही कलम ७९ मध्ये तारण नसलेला विमा आणि पेन्शन योजना वगळलेल्या मालमत्तेत आहेत, आणि कलम १५५ मध्ये पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी निधीतून येणं असलेली रक्कम दिवाळखोराच्या मालमत्तेत धरत नाहीत.

नोटीस आली की पैसे पीपीएफमध्ये किंवा बायकोच्या नावे टाकून ठेवू का?

पीपीएफला वर्षाची मर्यादा दीड लाख आहे, त्यामुळे पाच-दहा लाख त्यात जाऊन बसतील ही कल्पनाच चुकीची. बायकोच्या, मेव्हण्याच्या नावे केलेलं बक्षीसपत्र धनकोंना बुडवण्यासाठी केलं असं दिसलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. १९२० च्या कायद्यात नादारीच्या आधी दोन वर्षांतली फुकट हस्तांतरणं रद्द होतात.

माझ्याकडे कुणी हा सल्ला मागायला आला तर मी नाही म्हणतो. समोरची पतसंस्थाही कुणाच्या तरी ठेवींवर चालते, आणि त्या ठेवीदारांतही पेन्शनर असतात. ज्याचं देणं आहे त्याला द्यायचंच. कायद्याने तुमच्या म्हातारपणासाठी बाजूला काढून ठेवलेला पैसा सोडून, इतर कमाईतून, जमेल त्या हप्त्याने.

कारखानाच बुडाला. पीएफ कापला पण भरला नाही. आता?

लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे बंद झालेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना या प्रश्नामागची धास्ती सांगायला नको.

मालकाकडचं पीएफचं थकीत येणं हे त्याच्या मालमत्तेवरचा पहिला बोजा असतं, १९५२ च्या कायद्याचं कलम ११(२). पहिला म्हणजे बँकेच्याही आधी. यावर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलंच प्रकरण गेलं होतं. साखर कारखान्याने साखरेची पोती महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवली होती, पीएफ थकलेला होता. बँक म्हणाली साखर आमच्याकडे तारण आहे. न्यायालयाने कामगारांच्या पीएफला अग्रक्रम दिला. बार्शी, पंढरपूर, माळशिरस, अक्कलकोट भागातल्या कारखान्यांच्या कामगारांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

कंपनी २०१६ च्या संहितेखाली अवसायनात गेली, म्हणजे ती गुंडाळून मालमत्ता विकायची वेळ आली, तर कलम ३६(४) प्रमाणे पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतली कामगारांची रक्कम वाटपाच्या मालमत्तेत येतच नाही. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला सांगितलं, आणि २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

पगारातून कापून न भरणं हा गुन्हेगारी विश्वासघात आहे. पण कापला हे दाखवायला पगारपत्रक लागतं. उमंग ॲपवर दर दोन महिन्यांनी पासबुक बघा, खंड दिसला की त्याच महिन्यात पीएफ कार्यालयात तक्रार करा. कारखाना चालू असताना केलेली तक्रार आणि गेटला कुलूप लागल्यावर केलेली तक्रार यांत फार फरक पडतो.

बायकोच्या पोटगीपासूनही पेन्शन वाचते का?

नाही, आणि वाचू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये सांगितलं की पेन्शनचं संरक्षण धनकोंविरुद्ध आहे, बायको धनको नव्हे. पगाराचं गणितही पोटगीसाठी उलटं होतं: एक तृतीयांश मोकळा, बाकी कापता येतो.

नवऱ्याच्या मागे त्याचे धनको पीएफ मागायला आले.

पीएफ कायद्याच्या कलम १०(२) प्रमाणे सदस्याच्या मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी पीएफची रक्कम मृताच्या आणि नॉमिनीच्याही आधीच्या कर्जातून मुक्त असते. तेराव्याच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला हे ठणकावून सांगा. इतर वारसा मालमत्तेतून, म्हणजे घर, शेत, सोनं यांतून, देणं मागता येतं. नॉमिनेशन भरलंय का ते आजच तपासा. लग्नानंतर आईचं नाव तसंच राहिलेली खाती मी ढिगाने पाहिलीत. पीएफमध्ये लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, नवं भरावं लागतं.

घर, माग, दागिने?

थोडक्यात सांगतो. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारं जप्तीबाहेर. हातमागासाठी 'कारागिराची हत्यारं' हा मुद्दा जरूर मांडा. बँकेकडे तारण असलेल्या यंत्रमागाला तो लागू पडत नाही. राहत्या घराला कलम ६० मध्ये सरसकट संरक्षण नाही; शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या राहत्या घराला आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे, फोनवर विचारायचं तर १५१००. येताना आधार कार्ड, आलेली नोटीस, पीपीओ किंवा पीएफचं पासबुक आणि बँकेचा वर्षभराचा उतारा आणा. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही आणा, त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून मुदत मोजायची असते.